मदत हवी आहे: बीबीसी मायक्रो आणि कोकणातली खारी हवा

मंडळी, वेंगुर्ल्यातल्या एका शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो हा जुना संगणक हाती लागलाय. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत शाळांना दिलेले, त्यातलाच असावा. ६५०२ प्रोसेसर, ३२ केबी रॅम.

अजून प्लगला लावलेला नाही. पॉवर सप्लाय उघडला तर रिफा कंपनीच्या पिवळट कपॅसिटरांना बारीक भेगा. आत कागद असतो, तो दमट हवा ओढतो आणि वीज लागली की भसाभस धूर. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका! ते काढून त्याच मूल्यांचे एक्स-टू (थेट मेन लाइनवर चालणाऱ्या सुरक्षित प्रकारचे) फिल्म कपॅसिटर टाकतोय, तो प्रश्न मिटला.

घोडं अडलंय ते रॉमच्या (कायमचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपांच्या) सॉकेटांवर. चिपचे पाय काळे पडलेत, सॉकेटच्या पट्ट्यांवर हिरवं साचलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने वरवरचं गेलं, आतल्या पकडीपर्यंत ब्रश पोचत नाही. सॉकेटं बदलू का? जुन्या बोर्डाचे ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) उचकटतील अशी धास्ती वाटते. कुडाळ-सावंतवाडीकडे डीसोल्डरिंगचा (सोल्डर वितळवून भाग सुटे करण्याचा) हात असलेलं कोणी आहे का? ('पुण्याला पाठव' सोडून काहीही सांगा.)

शिवाय सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर बुरशी आहे. ड्राइव्हचं हेड खराब न करता त्या कशा धुवायच्या?