मदत हवी आहे: इंजिन तापले की ठिणगी बंद होते

माझ्याकडे नव्वदच्या दशकातील १०० सीसी, दोन-स्ट्रोक मोटारसायकल आहे. इग्निशन सीडीआय पद्धतीचे (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडून ठिणगी पाडणारे) असून त्याला बॅटरी लागत नाही. सकाळी गाडी पहिल्या किकमध्ये सुरू होते. मात्र विजापूर रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे चालवली की अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. बंद पडल्यावर प्लग ओला असतो, परंतु ठिणगी येत नाही, त्यामुळे पेट्रोल आणि कार्ब्युरेटरचा संशय मी सोडून दिला आहे.

प्लग नवा टाकला, गॅप ०.७ मिमी ठेवला, प्लग कॅप बदलली, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) तार काढून पाहिली आणि मित्राच्या त्याच मॉडेलच्या गाडीचे चालू सीडीआय युनिट लावून पाहिले. फरक पडला नाही. मॅग्नेटोमधील (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातील) सोर्स कॉइलचा, म्हणजे सीडीआयला वीज पुरवणाऱ्या कॉइलचा, रोध थंड असताना ३३० ओहम आणि तापल्यावर ३९० भरतो. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतोच, म्हणून ही वाढ मला स्वाभाविक वाटते. ठिणगीच्या वेळेचा इशारा देणाऱ्या पिकअप कॉइलचे मापही तुटक येत नाही.

माझ्याकडे केवळ मल्टीमीटर आहे, मॅग्नेटो पुलर (मॅग्नेटोचे चाक काढायचे अवजार) नाही. जास्त व्होल्टेजवर फुटणारे इन्सुलेशन मल्टीमीटरवर दिसत नसेल, तर दोष सोर्स कॉइलचा की एचटी कॉइलचा (प्लगसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलचा), हे मॅग्नेटो न उघडता कसे ठरवावे?