कारगोजार, वाली, फरास : युद्धकाळातल्या इराणचे शब्द मराठीत आणताना

मेधा : पहिल्या महायुद्धातल्या दक्षिण इराणवरच्या मजकुराचे मराठी करताना अडले आहे. 'कॉन्सल'ला 'वाणिज्यदूत' म्हटले की शिराझच्या ब्रिटिश कॉन्सलचे काम व्यापारापुरतेच वाटते. आणि फार्सी 'कारगोजार' म्हणजे कॉन्सलच्या कचेरीतला कारकून, की इराणी सरकारचा माणूस?

श्रीकांत : मेधाताई, कारगोजार इराणी सरकारचाच. 'गोजार' हे 'पार पाडणे' या अर्थाच्या धातूवरून आले आहे, म्हणजे काम तडीस नेणारा. मराठीत 'कारगुजारी' रुळली, ते करणारा माणूस मागे पडला. इराणात मात्र ते ठरलेले पद होते. तेहरानचे परराष्ट्र खाते प्रांतांच्या शहरांत कारगोजार नेमी, आणि परकीयांशी येणारे तंटे-व्यवहार त्याच्यामार्फत चालत.

खटल्याचा मार्ग पाहिला की घोटाळा होत नाही. दोन्ही पक्ष ब्रिटिश प्रजाजन असले तर खटला कॉन्सलच्या न्यायालयात चाले. (किरमान-बंदर अब्बासचे सिंधी व्यापारी यातच मोडत.) एक पक्ष इराणी असला की कॉन्सल कारगोजाराला लिही. सुनावणी कारगोजारापुढे, आणि कॉन्सलचा तर्जुमान, म्हणजे दुभाषा, समोर हजर हवा. ही सवलत १८२८ च्या तुर्कमांचाय तहाने आधी रशियाला मिळाली, मग इंग्रजांनी सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या कलमाने, म्हणजे दुसऱ्या राष्ट्राला दिलेली सवलत आपल्यालाही या कलमाने, आपल्याकडे घेतली.

गाडे अडे ते अंमलबजावणीत. कारगोजाराच्या हाताशी शिपाई नसत, ते प्रांताच्या हाकिमाकडे, म्हणजे शासकाकडे. हाकीम काही परराष्ट्र खात्याचा नोकर नव्हता. निकाल लागूनही वसुली रखडे, आणि कॉन्सल कारगोजाराला वगळून थेट हाकिमावर जोर लावी. म्हणून 'कारगोजार' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'परराष्ट्र खात्याचा प्रांतिक अधिकारी' असा खुलासा द्या. 'मुनीम' किंवा 'दलाल' लिहिलेत तर सत्ता कोणाची होती हेच उलटे होईल.

अनघा : हाकिमाचे हे शिपाई म्हणजे 'फर्राश'. आपला फरास दिवाबत्ती नि बिछायत पाहतो, तिथला हुकूम बजावतो आणि माणूस धरूनही आणतो. तिथे 'फरास' लिहिले तर वाक्य हास्यास्पद होईल.

'राहदारी'चेही तसेच. मराठीत परवाना हा अर्थ आधी आठवतो. बुशहर-शिराझ वाटेवर दालकी, कोनारतख्ते, काझेरून या टप्प्यांवर बंदूकधारी रखवालदार काफिल्यांकडून जी पट्टी उकळत ती राहदारी. 'वाटपट्टी' चालेल.

विनायक : कॉन्सलला जुना 'वकील' का नको? पेशवाईत परदरबारी असे तो वकीलच.

श्रीकांत : विनायकराव, शब्द गोड आहे, पण १९०६ नंतरच्या इराणात 'वकील' म्हणजे मजलिसचा, म्हणजे संसदेचा, निवडून आलेला सभासद. एकाच पानावर दोन्ही आले तर वाचक चकेल. 'कॉन्सल' हाच बरा. 'वाणिज्यदूत' तर मुळीच नको. बुशहरचा अधिकारी १८७८ पासून एकाच वेळी कॉन्सल-जनरल आणि पर्शियन आखाताचा पोलिटिकल रेसिडेंट होता. कॉन्सल म्हणून तो तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीशी बांधलेला, तर रेसिडेंट म्हणून हिंदुस्थान सरकारशी (१८७३ पर्यंत मुंबई सरकारशी). १९०४ पासून हे पद पर्सी कॉक्सकडे होते. पुण्याचा रेसिडेंट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही दुसरी टोपी समजावून सांगावी लागणार नाही. पत्र कोणत्या नात्याने लिहिले आहे, ते ज्याला पाठवले त्याच्यावरून ओळखा आणि तसे पदनाम वापरा.

मेधा : आणि 'वाली'? 'त्याला कोणी वाली नाही' हेच कानात घुमते.

अनघा : फार्सीत वाली म्हणजे मोठ्या प्रांताचा शासक. मराठी अर्थ रक्षणकर्त्याचा, तो नकळत चिकटतो. मी 'प्रांताधिपती' लिहीन. 'कलांतर'लाही जपा. फार्सीत तो शहराचा किंवा टोळीचा प्रमुख, जुन्या मराठीत कळांतर म्हणजे व्याज!

'मिर्झा' नावाआधी आला तर लिहिणारा-वाचणारा माणूस, नावानंतर आला तर शहजादा. १९१६ पासून फार्स प्रांताचा कारभार पाहणारा अब्दुल हुसेन मिर्झा हा शहजादा, 'फर्मानफर्मा' हा त्याचा किताब.

विनायक : 'साउथ पर्शिया रायफल्स'चे काय? इराणी मजकुरात 'पोलीस-ए-जनूब' दिसते.

श्रीकांत : दल एकच. १९१६ मध्ये ब्रिटिश अधिकारी पर्सी साइक्सने उभारले, १९२१ मध्ये मोडले. शिपाई बहुतेक इराणी, अधिकारी ब्रिटिश आणि पैसाही ब्रिटिशांचाच. 'दक्षिण पोलीस' असे शब्दशः केले तर ते इराणी सरकारचे खाते वाटते, आणि वाद नेमका त्यावरच होता. पंतप्रधान वोसूक-उद-दौलाच्या मंत्रिमंडळाने १९१७ मध्ये मान्यता दिली, पुढच्या मंत्रिमंडळाने ती नाकारली. इंग्रजी नावच देवनागरीत ठेवा.

'ताबा' हा शब्दही तोलून वापरा. ८ ऑगस्ट १९१५ ला इंग्रजांनी बुशहर घेतले तेव्हा इराणी टपाल तिकिटांवर 'ब्रिटिश ताब्यातील बुशहर' अशा अर्थाचा इंग्रजी ठसा मारला. तिथे 'ताबा' चोख बसतो. ऑक्टोबरात शहर परत दिले. दुसऱ्या महायुद्धात उलटे : २५ ऑगस्ट १९४१ ला ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा शिरल्या, पण २९ जानेवारी १९४२ च्या तहात हा लष्करी ताबा नव्हे असे कलमच आहे. तिथे तहाचा हवाला देताना 'फौजांचा मुक्काम' म्हणा. 'ताबा' लिहायचा तर ते आपले मत म्हणून लिहा.

अनघा : त्या काळासाठी वरची निम्मी यादी बाद होते. परकीयांचे हे विशेष न्यायाधिकार मे १९२८ मध्ये संपले, म्हणून १९४१ च्या कॉन्सलपाशी न्यायालय नाही आणि समोर कारगोजारही नाही. कॉन्सल जोर लावी तो गव्हाची वसुली आणि वाहतूक यांवरून. १९३७ च्या कायद्याने पदनामेही बदलली : उस्तानचा (प्रांताचा) उस्तानदार, त्याखाली शहरिस्तानचा (जिल्ह्याचा) फर्मानदार, त्याखाली बख्शचा बख्शदार. १९४२ च्या मजकुरात 'वाली' दिसला तर अनुवादकाने जुना शब्द घुसवला असण्याचा संभव फार. आणि बख्शदाराला 'बक्षी' करू नका. बख्श म्हणजे विभाग, फौजेच्या पगाराशी त्याचा संबंध नाही.