ठाण्याच्या किल्ल्यात इतिहास कोणाचा मांडायचा?

चेंदणीकर

ठाण्याचं कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो रिकामा करून लोकांना खुला करावा, ही मागणी अधूनमधून वर येते. माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. उद्या आत दालनं उभी राहिली तर तिथे काय लावणार? बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला निघालेली पहिली रेल्वेगाडी, तिची साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, आणि पोर्तुगीजांवरची चिमाजी अप्पांची वसईची मोहीम. एवढ्यावर भागवतील अशी मला भीती वाटते.

हा किल्ला फक्त शहराचा नाही, जुन्या ठाणे जिल्ह्याचा आहे. आणि तो जिल्हा सरहद्दीचा होता. उत्तरेला पोर्तुगीजांचं दमण, मध्ये मुकण्यांचं जव्हार संस्थान, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. इंग्रजी राज्य इथल्या माणसाला जाचलं ते जंगलात. झाडांची टहाळं छाटायची, खाचरात जाळायची आणि त्या राखेवर भात-नाचणीचं रोप टाकायचं, ही राबाची शेती इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर त्याच टहाळांसाठी माणूस गुन्हेगार ठरू लागला. तक्रारी इतक्या झाल्या की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांसाठी सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच १८७८ साली अबकारी कायदा आला आणि ताडी काढणारा भंडारीही कराच्या कचाट्यात सापडला.

याच किल्ल्यात २ मे १८४८ ला राघोजी भांगऱ्यांना फाशी दिली. सावकार आणि त्यांना पाठीशी घालणारी कंपनी सरकारची कचेरी, दोघांविरुद्ध ते लढले. दालनाची पहिली भिंत त्यांची असायला हवी.

घोडबंदर रोड

राघोजींबद्दल दुमत नाही. पण रेल्वे आणि मोहीम यांना तुम्ही ज्या सुरात बाजूला सारता ते पटत नाही.

किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि काम पुरं व्हायच्या आत, १७३७ साली, मराठ्यांनी तो घेतला. १७३९ मध्ये वसई पडली आणि दमण सोडलं तर पोर्तुगीजांचा उत्तरेतला मुलूख जवळजवळ संपला. मग डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी हाच किल्ला मराठ्यांकडून लढून घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, पदरात पाडून घेतली. १८१६ मध्ये पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे इथल्याच कैदेतून निसटले. ही त्या भिंतींमधली हकिगत आहे, तिला दुय्यम कसं ठरवायचं?

दुसरं. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर वेगळा जिल्हा आहे. वारली, कातकरी, कोकणा यांचा इतिहास तलासरीत किंवा जव्हारला, त्यांच्या मातीत मांडा. ठाण्यात आणून लावलात तर तो शोभेचा होईल. शहरातले लोक वारली चित्रांच्या चौकटीपाशी फोटो काढतील आणि निघून जातील.

तलासरी नाका

घोडबंदर रोड, चित्रांच्या चौकटीबद्दलची तुमची शंका खरी आहे. त्यापुढचा निष्कर्ष मात्र साफ नामंजूर.

आमच्याकडे लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि नवरा-बायकोने वर्षानुवर्षं त्याच्या शेतावर राबायचं, याला लग्नगडी म्हणत. वेठबिगार तर होतीच. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारली उठले, वेठ नाकारली. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. तेव्हा तलासरीचा कलेक्टर कुठे बसत होता? ठाण्यात. बंदोबस्त तिथून निघायचा, तुरुंग तिथे होता. हुकूम ठाण्याचे आणि त्यांची आठवण तेवढी आम्ही तलासरीत जपायची, हे चालणार नाही. सोसलं त्यांनी लक्षात ठेवावं आणि कचेरीच्या गावाने मोकळं व्हावं, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

आणि सरहद्दीचं म्हणाल तर ती कागदावरची रेघ नव्हती. दादरा आणि नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगीज, दमण १९६१ पर्यंत. उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत गेलं. एकाच कुटुंबाची सोयरीक दोन-तीन राज्यांत विभागलेली असायची.

मासुंदा

मी ठाण्याची ख्रिस्ती. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आमचं. पोर्तुगीज काळ म्हटला की चर्चा देवळं पाडली इथून सुरू होते आणि चिमाजी अप्पांच्या विजयाशी संपते. देवळं पाडली, इन्क्विझिशन म्हणजे चर्चची धर्मचौकशी होती, ते दालनात असलंच पाहिजे, मी ते लपवा म्हणणार नाही. पण १७३९ नंतर जे इथेच राहिले, ज्यांनी शेती केली, मासे धरले, घरात मराठी बोलत आले, त्यांचं काय? आम्हाला परक्यांचं शेपूट समजून वगळू नका. १५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेला, तेव्हा आमच्या पूर्वजांना कोणी विचारलं नव्हतं.

घोडबंदर रोड

मासुंदाताई, तुमचं मान्य. तलासरी नाका, कचेरी ठाण्यात होती हा मुद्दा बिनतोड आहे, पण सगळंच आत घ्यायचं म्हटलं तर कशाचीच नीट मांडणी होणार नाही. १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे इथे फासावर गेले. ठाण्याचं मूल आधी तिथे जाऊन उभं राहावं असं मला वाटतं.

चेंदणीकर

राहू दे की. पण त्याच मुलाला हेही कळू दे, की कान्हेऱ्यांच्या आधी बासष्ट वर्षं इथे महादेव कोळी जमातीचे राघोजी फासावर गेले. जागा कमी पडत असेल तर रेल्वेची भिंत लहान करा. ती गाडी ठाण्यात कुठेही सांगता येते. जंगल आयोगापुढे लोकांनी मांडलेलं गाऱ्हाणं आणि तलवाड्याचा गोळीबार या शहरात दुसरं कोणी सांगत नाही.