ढालकिडा आणि पाकट: संरक्षणाची गरज कुणाला जास्त?

तळवाळू:
वर्गीकरणात या दोघांचं प्राणिसृष्टीपलीकडे फारसं काही जुळत नाही. ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, हा कीटक, भुंगेऱ्यांच्या गणातला. पाकट पृष्ठवंशी, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला, शार्कच्या भाऊबंदांतला मासा. एक पानापानांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, शोधत फिरतो, तर दुसरा बहुतेक वेळ उथळ समुद्राच्या तळाशी अंगावर वाळू घेऊन पडून असतो. वाद घालायचा तो संवर्धनावर. माणसं आणि पैसा मोजकाच असेल, तर तो आधी पाकटाला मिळावा, असं माझं ठाम मत आहे. ढालकिड्याची मादी शेकडो अंडी घालते. पाकटाची मादी पिल्लांनाच जन्म देते, तीही एका वेळी थोडीच, आणि वयात यायला तिला काही वर्षं लागतात. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेल्या जाणाऱ्या, जाळ्यात मात्र ती भलत्याच माशांबरोबर ओढली जाते. इंडोनेशियातल्या जावाच्या पाकटाची एक छोटी जात १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळी बाजारात मिळाली, त्यानंतर ती कुणालाच सापडली नाही. २०२३ मध्ये धोक्यातल्या जातींची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेने ती नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

मावाशत्रू:
साफ असहमत. अंडी भरपूर म्हणून जात टिकते असं नाही. हार्लेक्विन ढालकिडा मूळचा आशियातला. मावा खाईल म्हणून माणसानेच त्याला युरोप-अमेरिकेत सोडलं. त्याच्या अळ्या इतर ढालकिड्यांची अंडी आणि अळ्याही फस्त करतात. २००४ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोचला आणि तिथली दोन ठिपक्यांची स्थानिक जात झपाट्याने घटली. नऊ ठिपक्यांचा ढालकिडा तर न्यूयॉर्कचा राज्यकीटक, पण त्या राज्यातून तो गेलाच असं लोक धरून चालले होते. २०११ मध्ये तो लाँग आयलंडवर पुन्हा सापडला. ढालकिड्यांच्या सुमारे सहा हजार जाती आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांची स्थिती कुणी तपासली आहे. जी जात यादीतच नाही, ती संपल्याचं जाहीर तरी कोण करणार?

गोडंपाणी:
पाकट म्हटलं की सगळे समुद्रच का धरतात? २०२२ मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत ३०० किलोचा पाकट मिळाला होता, गोड्या पाण्यातला नोंदला गेलेला सर्वांत मोठा मासा. खूण लावून त्याला परत सोडलं. नदीतल्या पाकटाला जाळ्यांइतकाच धरणांचाही धोका असतो. त्याच्यासाठी समुद्रातली मासेमारी थांबवून काय उपयोग?

तळवाळू:
@गोडंपाणी, मान्य, नदीचा विचार वेगळाच करावा लागेल. @मावाशत्रू, तुमची उदाहरणं माझीच बाजू भक्कम करतात. परके कीटक सोडायला बंदी घाला, ढालकिड्याचं निम्मं काम झालं. त्याला पैसा कितीसा लागतो? जाळ्यातला पाकट वाचवायचा तर मच्छीमाराच्या पोटाला हात लागतो, त्याची भरपाई द्यावी लागते.

मावाशत्रू:
सरसकट बंदी? १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया ढालकिड्यानेच कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा झाडांचा रस शोषणाऱ्या खवले किडीपासून वाचवल्या. तो जवळजवळ त्याच किडीवर जगतो, म्हणून बाकीच्यांना त्याचा उपद्रव झाला नाही. हार्लेक्विन दिसेल ते खातो. कोणता सोडायचा आणि कोणता नाही हे ठरवायला वर्षानुवर्षं चाचण्या लागतात, आणि मी पैसा मागतोय तो त्याचसाठी.