पहिलीत हात-पाय-तोंडाचा आजार आलाय. पालकांना नेमकं काय आणि कसं कळवावं?

पाटी_पेन्सिल

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट ८७, शिक्षक तीन. पहिलीतल्या दोन मुलांना तळहातावर आणि तोंडात फोड आलेत. डॉक्टरांनी हँड-फूट-माउथ सांगितलं आहे. आज तिसऱ्या मुलाला ताप आहे. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण वीसेक घरं त्यात नाहीत. काही घरांत एकच फोन असतो, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. ग्रुपवर दुपारीच कुणीतरी "शाळेत देवी आल्यात" असं टाकलंय आणि खाली चाळीस मेसेज झालेत.

१. मुलांची ओळख उघड न करता कसं लिहायचं?
२. आजारी मुलाला किती दिवस घरी ठेवायला सांगायचं? परत घेताना डॉक्टरांचा दाखला मागायचा का?
३. वर्ग बंद ठेवावा लागेल का?
४. वर्षभराच्या अशा निरोपांची एक पद्धत कशी बसवायची?

सकाळची_ओपीडी

आधी आजाराचं सांगतो, म्हणजे निरोपात चुकीचं काही जाणार नाही.

लागण झाल्यापासून साधारण ३ ते ६ दिवसांनी ताप येतो, घसा दुखतो, मूल जेवायला नको म्हणतं. एक-दोन दिवसांत तोंडात दुखरे फोड आणि तळहात, तळपाय, कधी गुडघे आणि ढुंगणावर पुरळ येतं. कांजिण्यांचे फोड मुख्यतः छाती, पोट, पाठ, चेहऱ्यावर येतात, खूप खाजतात आणि त्यांच्यावर खपली धरते. पालकांना घरी फरक ओळखायला एवढं पुरतं. देवी हा रोग जगातून संपल्याचं १९८० सालीच जाहीर झालंय, हे एका वाक्यात निरोपात घाला.

मूल परत कधी पाठवायचं? तापाचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप नाही, तोंडाच्या दुखण्यानं लाळ गळत नाही, मूल नीट खातंपितं आणि अंगावरचे फोड सुकलेत, तेव्हा. बहुतेक मुलांना ५ ते ७ दिवस लागतात. पण "७ दिवस" असा आकडा लिहू नका, ही लक्षणं लिहा. आकडा लिहिला की कुणी पाचव्याच दिवशी बरं झालेलं मूल विनाकारण घरी ठेवतं, आणि कुणी आठव्या दिवशी फोड ओले असतानाही पाठवतं.

दाखला मागू नका. विषाणूचा आजार आहे, बहुतेकांचा आपोआप बरा होतो, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि तपासणीची फी जाते हे कळलं की पुढच्या वेळी पालक आजार लपवतात, आणि तुम्हाला कळायला हवं तेच कळत नाही. त्याच कारणासाठी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर या महिन्यात ते बाजूला ठेवा.

वर्ग बंद करून फारसं हाती लागत नाही. दुसऱ्या मुलाला फोड दिसेपर्यंत शेजारी बसणाऱ्यांचा संपर्क होऊन गेलेला असतो, आणि बरं झाल्यावरही शीमधून विषाणू काही आठवडे पडत राहतो. म्हणून शौचानंतर साबणानं हात धुणं हे सुट्टीपेक्षा जास्त कामाचं. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, या विषाणूवर त्याचा परिणाम कमी. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि केंद्रप्रमुखांना आजच लेखी कळवा: वर्ग, किती मुलं, पहिली लक्षणं कोणत्या तारखेला. बंद ठेवायचं की नाही ते त्यांच्या सल्ल्यानं ठरू द्या.

पालकांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, दवाखान्यात लगेच कधी न्यायचं: आठ तास लघवी नाही, पाणीही पोटात ठरत नाही, ताप तीन दिवसांवर गेला, झोपेत सारखं दचकतंय, चालताना तोल जातोय, गुंगीत आहे किंवा झटका आला. दोन, महिना-दीड महिन्यानं काही मुलांची नखं सुटतात. ती दुखत नाहीत आणि पुन्हा येतात. हे आधी सांगितलं नाही तर तेव्हा नवी घबराट सुरू होते.

बाकी आजारांचे दिवस वेगळे, ते एकाच कागदावर लिहून ऑफिसात लावा. कांजिण्या: शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. गालफुगी: सूज आल्यापासून ५ दिवस. गोवर: पुरळ आल्यापासून ४ दिवस, आणि गोवरचा नुसता संशय आला तरी आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन. उवांसाठी मूल घरी ठेवायची गरज नाही.

केंद्रशाळा

डॉक्टरांनी मजकूर दिलाच आहे, मी मांडणीचं सांगतो. निरोपात "घाबरून जाऊ नये" आणि "योग्य ती काळजी घ्यावी" ही दोन वाक्यं नकोत. पहिलं वाचून माणूस हमखास घाबरतो. दुसरं वाचून नेमकं काय करायचं ते कळत नाही. उद्या सकाळी घरात कुणी काय करायचं, ते लिहा. असा:

*मंगळवार, दि. __ , संध्याकाळी ६. पहिली ते चौथीच्या सर्व पालकांसाठी.*
*पहिलीच्या वर्गात हात-पाय-तोंडाच्या आजाराची मुलं आढळली आहेत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. या देवी नाहीत, कांजिण्याही नाहीत. देवी रोग १९८० सालीच जगातून संपला आहे.*
*उद्यापासून रोज सकाळी मुलाचे तळहात, तळपाय आणि तोंड आतून बघा. ताप, लाल पुरळ किंवा फोड दिसले तर शाळेत पाठवू नका, वर्गशिक्षकांना फोन करा. गैरहजेरीबद्दल कुणी रागावणार नाही.*
*मुलाला गार, मऊ, कमी तिखट खायला द्या: दहीभात, ताक, पेज. पाणी थोडं थोडं, पण सारखं. अ‍ॅस्पिरिन देऊ नका.*
*औषधाशिवाय २४ तास ताप नसेल, फोड सुकले असतील आणि मूल नीट जेवत असेल तर पाठवा. दाखला लागणार नाही.*
*शाळा नेहमीप्रमाणे सुरू आहे. पुढची माहिती शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता.*

दवाखान्यात कधी न्यायचं आणि नखांचं, हे याच्याच खाली दुसऱ्या मेसेजमध्ये टाका. एकाच मेसेजमध्ये सगळं कोंबलं की "आणखी वाचा" च्या खालचं कुणी वाचत नाही.

शेवटची ओळ सोडू नका. पुढची माहिती कधी येणार हे ठरलेलं असलं की मधले दोन दिवस अफवांना जागा राहत नाही. शुक्रवारी नवीन काहीच नसेल तरी "नवीन मुलगा किंवा मुलगी आजारी नाही" एवढं त्याच वेळेला टाका.

ओळखीबद्दल. नाव न लिहिणं पुरेसं नाही. पहिलीत अठरा मुलं असतील आणि तुम्ही "वरच्या वाडीतली दोन भावंडं" म्हणालात तर नाव घेतल्यासारखंच झालं. वर्ग सांगा, त्यापुढे मुलगा की मुलगी, वस्ती, आडनाव काही नको. संख्याही गरज असेल तरच. निरोप जाण्याआधी त्या मुलांच्या आईवडिलांना फोन करून काय लिहिणार ते वाचून दाखवा, म्हणजे ग्रुपवर वाचून त्यांना धक्का बसणार नाही. फोडांचे फोटो ग्रुपवर येऊ देऊ नका. आलेच तर ॲडमिननं लगेच काढावेत.

ग्रुपचं सेटिंग आज रात्रीच बदला: फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील. शंका वर्गशिक्षकांच्या नंबरवर, रोज संध्याकाळी ७ ते ८. गप्पांसाठी पालकांना वेगळा ग्रुप करायचा तर करू द्या, शाळेचा नको.

ग्रुपबाहेरच्या वीस घरांसाठी कागद. A४ च्या अर्ध्यावर मोठ्या अक्षरात, खाली फाडायची पट्टी: "वाचलं / वाचून घेतलं", सही किंवा अंगठा. वहीच्या आत ठेवलेली चिठ्ठी घरी पोचत नाही, दप्तरातच चुरगळते. गृहपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्टेपल करा आणि मुलांना सांगा, उद्या पट्टी आणायची. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर पट्ट्या मोजा. ज्यांच्या आल्या नाहीत त्यांची यादी आशाताईंकडे द्या, त्या वस्तीवर जातातच.

आरोग्यसेविका_उपकेंद्र

वरच्या निरोपाबरोबर शाळेनं काय केलं तेही एका ओळीत कळवा, नाहीतर सगळं पालकांवरच ढकलल्यासारखं वाटतं. करायचं असं:

पहिलीचे बाक, दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, खेळणी आधी साबणाच्या पाण्यानं पुसायची. मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात २० मिली घालून त्या द्रावणानं ओलं करायचं, १० मिनिटं ठेवायचं, नंतर साध्या पाण्यानं पुसायचं. द्रावण रोज ताजं, मुलं वर्गात नसताना, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून. त्यात फिनाईल किंवा संडासचं ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. ग्रामपंचायतीकडची ब्लीचिंग पावडर जुनी असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. वास उग्र येत नसेल तर ती वापरू नका.

संडासजवळ साबण आहे का ते बघा. साबणाची वडी मुलं खिशात घालतात किंवा ती गटारात जाते, म्हणून जुन्या नायलॉनच्या मोज्यात वडी घालून नळाला बांधा. खिचडीच्या आधीही हात तिथंच. पाण्याच्या पिंपात पेला बुडवू देऊ नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे आभार. निरोप आजच जाईल. चौथा प्रश्न राहिला. १० ऑगस्टला जंताच्या गोळ्या आहेत आणि दर वेळी त्याच दिवशी पालक फाटकाशी येऊन उभे राहतात.

आरोग्यसेविका_उपकेंद्र

ताई, कारण निरोप त्याच दिवशी सकाळी जातो. तो आठवडाभर आधी जाऊ द्या आणि गोळीचं पाकीट पालकसभेत प्रत्यक्ष दाखवा.

लिहायचं ते हे: राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. गोळी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, शाळेतल्या मुलाला एक पूर्ण, शिक्षकांसमोर चावून खायची. अख्खी गिळताना ठसका लागून गोळी घशात अडकू शकते, म्हणून चावणं सक्तीचं. ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांना थोडी मळमळ, पोटदुखी, क्वचित उलटी होते. सावलीत झोपवून पाणी दिलं की बहुतेकांचं थोड्या वेळात थांबतं. हे आधी माहीत नसलं की एका मुलाला उलटी होते, ते बघून दहा जणांना मळमळतं आणि "विषबाधा" असा फोन जातो. त्या दिवशी आजारी असेल किंवा इतर औषध चालू असेल तर गोळी द्यायची नाही, मागाहूनच्या फेरीत देतात. गोळी घरी पाठवायची नाही. आणि तुमच्याकडे आत्ता ताप-फोडांची मुलं आहेत, त्यांना तर नाहीच.

लोहाच्या गुलाबी गोळीचंही एक वाक्य घाला: आठवड्यातून एक, जेवणानंतर, शी काळी होते, ते रक्त नव्हे. एवढं न सांगितल्यामुळे किती गोळ्या खिडकीबाहेर जातात ते वर्गामागचं गवत सांगतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासायला येतं. त्याची तारीखही आधी कळवा आणि आईवडिलांपैकी एकानं थांबावं असं लिहा. दृष्टी, दात, हृदयाचा आवाज यांत काही निघालं तर पुढची चिठ्ठी त्यांच्याच हातात जाते.

केंद्रशाळा

पद्धतीचं म्हणाल तर सगळं जूनमध्ये, शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत बसवा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. निरोप कुणी लिहायचा आणि मुख्याध्यापक नसताना कुणी पाठवायचा हे त्यांच्यासमोर ठरवून ठरावात घ्या.

प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा: दोन फोन नंबर, प्रत्येकापुढे "कधी लागतो" (सकाळी / रात्री ७ नंतर), तिसरा नंबर शेजाऱ्याचा, ॲलर्जी, दमा किंवा फिट्स, चालू औषध, आणि मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं ती नावं. दिवाळीनंतर नंबर पुन्हा तपासा, गावाकडचे फोन वर्षात बदलतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा कारखान्याकडचा नंबर त्याच वेळी लिहून घ्या. कार्डं कुलपात, पण किल्ली कुठे ते तिन्ही शिक्षकांना माहीत हवं.

अपघात किंवा विषबाधा झाली तर क्रम बदलायचा नाही: आधी १०८, मग त्या मुलाच्या घरी फोन, मग आरोग्य केंद्र आणि केंद्रप्रमुख, सर्वांत शेवटी ग्रुप. ग्रुप आधी झाला तर त्या आईला बातमी शेजारीण सांगते. ग्रुपवर पहिला मेसेज तीन ओळींचा: काय झालं, बाकीची मुलं कुठे आहेत, न्यायला यायचं की नाही आणि यायचं तर कोणत्या दारानं. कारण कळलं नसेल तर कारण लिहायचं नाही. खिचडीवर संशय असेल तर उरलेली खिचडी फेकू नका, झाकून बाजूला ठेवा, तपासायला लागते.

अतिवृष्टीच्या सुट्टीचे जुने आदेश दर पावसाळ्यात फिरतात. आदेशावरची तारीख आणि जिल्हा वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. पाठवताना फोटोबरोबर स्वतःच्या शब्दांत लिहा: "उद्या, बुधवार, शाळेला सुट्टी." वार लिहिला की घोळ होत नाही. "मुलं पळवणारी टोळी आलीय" असले मेसेज ग्रुपवर आले तर पोलीस ठाण्यात विचारून मगच उत्तर द्या. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे दोन नंबर फळ्याशेजारी मुलांना दिसतील असे रंगवून घ्या.

सकाळची_ओपीडी

एक राहिलं. ज्या घरांत वाचणारं कुणी नाही तिथं अंगठ्याच्या पट्टीनं निरोप पोचल्याची नोंद होते, तो समजला की नाही ते कळत नाही. त्यांच्यासाठी चाळीस सेकंदांचा आवाजी मेसेज करा, तुमच्या भागातल्या बोलीत, अहिराणी असो की पावरी, आणि तो गावातल्याच बाईच्या आवाजात हवा. फोन वडिलांबरोबर जात असेल तर रात्री आठनंतर पाठवा. शेवटी एक प्रश्न विचारायचा: "उद्या सकाळी पोराचं काय काय बघायचं?" आणि ज्यांचं उत्तर "हात, पाय, तोंड" असं येणार नाही त्यांना परत फोन.