मदत हवी आहे: ७० अंशांना फोम-कोअर पॅनेल जास्त वाकतं आणि स्किन आधी दुमडते

दोन्ही बाजूंना २ मिमी ग्लास-इपॉक्सी स्किन (बाहेरचा पातळ थर), मध्ये कोअर म्हणून २५ मिमी क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम (८० किलो प्रति घनमीटर). रेझिन खोलीच्या तापमानालाच क्युअर केलंय, पोस्ट-क्युअर (नंतर तापवून पक्कं करणं) नाही. थ्री-पॉइंट बेंडिंग (दोन टोकांना आधार, मध्ये वरून रोलरने दाब), स्पॅन ४०० मिमी. २५ अंशांना कोअर तिरका फाटतो, ते ठीक. ७० अंशांना तेवढ्याच लोडला वाक दीडपटीहून जास्त, आणि कोअर शाबूत असतानाच वरची स्किन दुमडते. दोष फोमचा, रेझिनचा की चाचणीचा?

प्रतिसाद १
वाक वाढण्यात नवल नाही. स्किनचा मॉड्युलस (ताठपणा) २० जीपीए आणि कोअरचा शिअर मॉड्युलस (थर एकमेकांवर सरकण्याला होणारा विरोध) २७ एमपीए धरला, तर या स्पॅनला एकूण वाकापैकी ५८ टक्के वाक कोअरच्या शिअरमुळेच येतो. पीव्हीसीचा टीजी (ज्या तापमानाला प्लास्टिक कडकाचं मऊ होतं) ८० अंशांच्या आसपास, म्हणजे ७० ला फोम मऊ पडायला लागलेला असतो. शिअर मॉड्युलस निम्मा झाला तरी एकूण वाक १.६ पट होतो. वाक मशीनच्या क्रॉसहेडवरून (दाब देणारा सरकता भाग) मोजू नका, खालच्या स्किनला डायल गेज लावा. नाहीतर रोलर जेवढा रुतला तेवढंही त्यात मिसळतं.

प्रतिसाद २
दुमडण्याचं कारण मात्र वेगळं शोधायला हवं. कोअरचा कॉम्प्रेशन मॉड्युलस ९० एमपीए घेतला, तर २५ अंशांना स्किनला सुरकुती पडायची मर्यादा साधारण १८० एमपीए येते. कोअर १.१५ एमपीए शिअरला फाटतो तेव्हा स्किनवर जेमतेम ११५ एमपीए ताण असतो. कोअरचे दोन्ही मॉड्युलस निम्मे झाले तर घनमुळामुळे मर्यादा ६३ टक्क्यांवर, म्हणजे ११५ च्याच आसपास उतरते. पण तापल्यावर कोअरची शिअर ताकदही घटते, त्यामुळे स्किनवर तेवढा ताण यायच्या आतच कोअर फाटायला हवा होता. तसं होत नसेल तर रोलर आणि रेझिन, दोन्हींवर संशय घ्या.

घडी बरोबर रोलरखाली आहे का ते बघा. असेल तर फोम चेपून स्किन आत गेलीय. रोलरखाली रुंद पट्टी आणि रबर पॅड घाला, किंवा फोर-पॉइंटवर (वरून दोन ठिकाणी दाब) जा. घडी रोलरपासून लांब असेल तर स्किनचा तुकडा डीएमएला (तापवत ताठपणा मोजून टीजी काढणारी चाचणी) द्या. पोस्ट-क्युअर न केलेल्या इपॉक्सीचा टीजी बरेचदा ५०-६० अंशांतच असतो. तसं असेल तर ७० ला रेझिन तंतूंना आधारच देत नाही, आणि कॉम्प्रेशनमधली ताकद सगळ्यात आधी पडते.

धागाकर्ता
घडी रोलरखालीच आहे. प्रत्यक्ष वापरात पॅनेल फक्त वरून तापेल. मग ओव्हनमधली चाचणी कितपत चालेल?

प्रतिसाद २
सुरक्षित बाजूची म्हणून चालेल, पण एक गोष्ट त्यात दिसणार नाही. फोममधून उष्णता फार हळू जाते, त्यामुळे वरची स्किन प्रसरण पावते आणि खालची थंडच राहते. फरक ४० अंश आणि प्रसरण गुणांक १२ मायक्रो प्रति अंश धरला, तर १ मीटरचं मोकळं पॅनेल लोड नसतानाही मध्ये सुमारे २ मिमी फुगतं. कडा बोल्टने जखडल्या तर तेच वरच्या स्किनमध्ये कॉम्प्रेशन म्हणून जमा होतं.

ओव्हनच्या डिस्प्लेवरही विसंबू नका. त्याच पॅनेलच्या जादा तुकड्यात कडेकडून बारीक भोक पाडून कोअरच्या मध्यावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा, आणि तो सेट तापमानाच्या १-२ अंशांत स्थिरावल्यावरच लोड द्या. लोड कायम राहणार असेल तर क्रीपची चाचणी वेगळी करावीच लागेल. टीजीजवळ फोम त्याच लोडखाली वाकतच राहतो, आणि काही मिनिटांच्या चाचणीत ते दिसत नाही.