पाच कवट्या, हरवलेल्या चिठ्ठ्या: मांजरवर्गीय कसे ओळखायचे? आणि तरस मांजरांकडे का?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मांसभक्षक गणाच्या पाच जुन्या कवट्या आहेत. नोंदवहीत रानमांजर, उदमांजर, मुंगूस, तरस आणि कोल्हा अशी नावे आहेत, पण चिठ्ठ्या गळून पडल्यामुळे कोणती कवटी कोणाची ते पुन्हा जुळवायचे आहे. सगळ्यांत मोठी, तेवीसएक सेंटिमीटरची, ती तरसाची असावी. बाकीच्या चारांतले बरेच दात पडलेले आहेत.

१. मांजराची बाजू की कुत्र्याची, हे ठरवणारी खात्रीची खूण कोणती? लांब तोंड आणि आखूड तोंड हा नियम उदमांजराला लागू पडत नाही.

२. तरसाचा जबडा, पाय, नखे सगळे कुत्र्यासारखे. मग विद्यार्थ्यांना ते मांजरांच्या बाजूला का, हे कशावरून दाखवायचे?

३. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले आहे, "कंठिकास्थी लवचीक असल्याने मोठी मांजरे डरकाळी फोडतात." (कंठिकास्थी म्हणजे जिभेच्या बुडाशी असलेली छोट्या हाडांची साखळी.) हे वाक्य ठेवावे का?

दंतसूत्र

कवटी उलटी ठेवा आणि कानाच्या बुडाशी असलेला हाडाचा फुगा बघा. त्याला बुला म्हणतात. या गणाची मुख्य वाटणी याच जागेवरून झाली. १८६९ साली विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी कवटीच्या तळावरून मांसभक्षकांचे गट पाडले. मांजर, जवादी (उदमांजर याच कुलातले), मुंगूस आणि तरस यांना त्यांनी तेव्हाच एकत्र ठेवले होते.

मांजरवर्गीयांचा, म्हणजे या सगळ्या गटाचा, बुला दोन हाडांचा बनतो. बाहेरचे एक्टोटिम्पॅनिक कानाच्या पडद्याला धरून असते आणि आतले एन्टोटिम्पॅनिक मागे फुगते. दोन्ही जिथे भेटतात तिथे आत पातळ हाडाचा पडदा उभा राहतो, म्हणून बुलात दोन खोल्या होतात. कुत्र्याच्या बाजूला असा पूर्ण पडदा नसतो, एकच पोकळी असते किंवा अर्धवट कड असते.

हे बघण्यासाठी फुगा फोडू नका, संग्रहातल्या कवटीचा तर मुळीच नको. बारीक पेन-टॉर्चचा उजेड कानाच्या बाहेरच्या छिद्रातून तिरका टाका. रानमांजरात थोड्याच अंतरावर आडवी भिंत लागते. कोल्ह्यात नजर थेट खोलवर जाते. जुन्या कवटीत एका बाजूचा फुगा बऱ्याचदा आधीच फुटलेला असतो, मग काम सोपे. नाहीतर ओळखीच्या पशुवैद्यांकडून एक्स-रे काढून घ्या.

मुंगसात ही वाटणी बाहेरूनही दिसते. पुढची खोली आणि मागची फुगीर खोली यांच्यामध्ये आडवी खाच असते, जणू फुग्याला दोरी आवळली आहे. त्या खाचेसाठी टॉर्चही लागत नाही.

आता दात. पडलेल्या दातांची काळजी करू नका, खळगे मोजा. एका बाजूचे, वर आणि खाली:

रानमांजर: वर ३ पटाशीचे, १ सुळा, ३ उपदाढा, १ दाढ. खाली ३, १, २, १. एकूण ३०.
तरस: वर ३, १, ४, १. खाली ३, १, ३, १. एकूण ३४.
उदमांजर आणि मुंगूस: वर-खाली ३, १, ४, २. एकूण ४०.
कोल्हा: वर ३, १, ४, २. खाली ३, १, ४, ३. एकूण ४२.

चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. मांजराची वरची शेवटची दाढ अगदी इवलीशी असते. ती मोठ्या कापणाऱ्या दाढेच्या मागे, आतल्या अंगाला आडवी बसलेली असते. ती पडली की खळगा बुजल्यासारखा दिसतो आणि मोजणी २८ वर येते. वरची पहिली उपदाढही एकाच मुळाची, टाचणीच्या डोक्याएवढी. दोन्ही जागा भिंगाखाली बघितल्याशिवाय आकडा लिहू नका. २८ दात खरोखर असलेली मांजरे आहेत, उदाहरणार्थ कॅराकल आणि लिंक्स, पण रानमांजर त्यांत नाही. पिल्लाची कवटी असेल तर मांजरात दुधाचे दात २६ येतात, कारण दाढा दुधाच्या नसतात.

संख्येइतकाच आकारही महत्त्वाचा. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ ही मांसभक्षकांची कात्रीची जोडी, कार्नेशियल. मांजरात ती सरळ पात्यासारखी असते, तिच्या मागे चावायला जागाच उरत नाही. उदमांजर फळे खाते, म्हणून त्याच्या मागच्या दाढा रुंद आणि बोथट उंचवट्यांच्या. उदमांजर आणि मुंगूस यांचा आकडा सारखाच असल्याने तिथे हीच खूण कामी येते. मुंगसाच्या दाढांची टोके उंच, अणकुचीदार. शिवाय प्रौढ करड्या मुंगसात डोळ्याच्या खोबणीमागची हाडाची कमान बहुतेक वेळा पूर्ण जोडलेली असते आणि खोबण गोल बंद दिसते. कवटी आठएक सेंटिमीटरची असते, उदमांजराची त्याहून मोठी.

गुरांचा_डॉक्टर

पडद्याबद्दल दंतसूत्र यांनी लिहिले ते बरोबर आहे. विद्यार्थ्यांना पटण्यासाठी त्याचा व्यवहारातला परिणामही सांगा. घरच्या मांजराच्या मधल्या कानात पू झाला किंवा पॉलिप (मांसाची गाठ) वाढला की बुला खालून उघडावा लागतो. कुत्र्यात एक पोकळी धुतली की काम होते. मांजरात आतली-खालची मोठी खोली धुऊन थांबलात तर बाहेरच्या-वरच्या छोट्या खोलीत रोग तसाच राहतो, म्हणून पडदा फोडून दुसरी खोलीही साफ करावी लागते. दोन्ही खोल्या एका अरुंद फटीने जोडलेल्या असतात. त्या फटीजवळून सिम्पॅथेटिक मज्जातंतूंचे धागे जातात. तिथे जोराने खरवडले की त्या बाजूच्या डोळ्याची बाहुली बारीक होते, पापणी लोंबते आणि तिसरी पापणी वर येते. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत ओसरतो.

तुलनेसाठी घरच्या मांजराची एक कवटी तयार करून ठेवा. मेलेले पाळीव मांजर मालकाच्या संमतीने मिळू शकते. उकळू नका. उकळले की चरबी हाडात मुरते, दात तडकतात आणि बुलाचे पातळ हाड चिरते. कातडी आणि शक्य तेवढे मांस काढून कवटी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन ते चार आठवडे लागतात. पाणी अधूनमधून बदला, पण प्रत्येक वेळी चहाच्या गाळणीतून गाळा. पटाशीचे दात आणि ती इवली दाढ याच पाण्यात निसटतात. मग भांडी घासायचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात काही दिवस ठेवून चरबी काढा आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस ठेवा. ब्लीचिंग पावडर अजिबात नको, हाड भुसभुशीत होते. हातमोजे आणि मोकळी जागा हवी. रेबीजची शंका असलेल्या जनावराला हातच लावू नका.

माळरान

दुसऱ्या प्रश्नावर, कारण तरसाबद्दलचा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे.

तरसाचे कुत्र्यासारखे दिसणे हे कामातून आलेले आहे. लांब अंतर तुडवणारे पाय, आत न जाणारी बोथट नखे, चारही पायांना चारच बोटे: ही चालणाऱ्याची हत्यारे आहेत. जबडा हाड फोडणाऱ्याचा आहे. कवटीवर मधोमध उंच कणा उभा असतो, त्याला जबड्याचे स्नायू चिकटतात. सुळ्यामागच्या उपदाढा जाड, शंकूसारख्या असतात आणि हाड त्यांच्यावरच फुटते. मांस कापायची कात्री त्यांच्या मागे शाबूत आहे. मोजणीत तर तरस मांजराजवळच आहे: वर एकच दाढ, खाली एकच. कुत्र्याकडे वर दोन आणि खाली तीन असतात. विद्यार्थ्यांसमोर तरस आणि कोल्हा यांचे खालचे जबडे शेजारी ठेवून कात्रीच्या दाढेमागे काय उरते ते दाखवा. कोल्ह्यात दोन दाढा उरतात, तरसात काहीच नाही.

जनुकांचा पुरावाही तेच सांगतो. तरसांची सर्वांत जवळची नाती मुंगसांशी आणि मादागास्करच्या मांसभक्षकांशी आहेत, जवादीकुल त्यानंतर येते. आज मांजरवर्गीयांची सात कुले धरतात: मांजर, लिनसँग (जवादीसारखे दिसणारे सडपातळ प्राणी), जवादी, तरस, मुंगूस, मादागास्करचे यूप्लेरिडी, आणि आफ्रिकेतले उदमांजरासारखे नँडिनिया हे एकटेच. नँडिनियाच्या बुलाचा मागचा भाग हाडाचा होतच नाही, कूर्चेचा राहतो. म्हणजे बुलाच्या नियमाला अपवाद सापडला तर तो इथे, आणि ते या शाखेतले सर्वांत आधी वेगळे झालेले कुल आहे. वाळवलेल्या कवटीत तो भाग हरवतो आणि बुला "फुटलेला" वाटतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

दिसण्यावर जाऊन तज्ज्ञही फसले आहेत. मादागास्करचा फोसा मांजरासारखा दिसतो, नखे अर्धवट आत घेतो. काहींनी त्याला मांजरांजवळ बसवले होते. २००३ साली जनुकांवरून कळले की तिथले सगळे मांसभक्षक आफ्रिकेतून आलेल्या एकाच पूर्वजाची वंशावळ आहेत आणि त्यांचे नाते मुंगसांशी आहे. त्याच वर्षी लिनसँग जवादीकुलातून उठून मांजरांच्या शेजारी आले. आपल्या ईशान्य भारतात ठिपकेदार लिनसँग राहतो. वाघाचा तो जवादीपेक्षा जवळचा नातलग आहे, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

नखांबद्दल तक्त्यात सहसा उलटे लिहितात, तेही तपासा. मांजर नखे आत "ओढून घेत" नाही. आराम असताना बोटाच्या वरच्या अंगाचे लवचीक बंध शेवटचे हाड मागे धरून ठेवतात, तेही मधल्या हाडाच्या बाहेरच्या कडेला. त्यासाठी मधले हाड एका बाजूने खोलगट असते. स्नायू लागतो तो नखे बाहेर काढायला. चित्त्यात बंध आहेत, कातडीची खोळ नाही, म्हणून नखे कायम दिसतात आणि झिजतात.

ओढ्याकाठी

मनापासून आभार. टॉर्चने बघितले, एका कवटीत भिंत आणि एकीत मोकळी पोकळी अगदी स्पष्ट दिसली. आडव्या खाचेची छोटी कवटीही सापडली. तिसरा प्रश्न राहिला. आणखी एक: विद्यार्थी शेतात सापडलेल्या कवट्या आणतात. त्या संग्रहात घेता येतील का?

दंतसूत्र

तक्त्यातले वाक्य अर्धे खरे आहे. घरच्या मांजरात कंठिकास्थीची साखळी पूर्ण हाडाची असते. सिंह, वाघ, बिबट्या आणि जग्वार यांच्यात त्या साखळीतल्या एपिहायल या तुकड्याच्या जागी लवचीक बंध असतो. पण हिमबिबट्याची कंठिकास्थीही पूर्ण हाडाची नसते आणि तो डरकाळी फोडत नाही. डरकाळीसाठी स्वरयंत्रातल्या जाड, मांसल स्वरपट्ट्या लागतात. तेव्हा असे लिहा: "वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार: कंठिकास्थी अंशतः लवचीक, स्वरपट्ट्या जाड, डरकाळी फोडतात." कवटी साफ करताना ही साखळी जिभेबरोबर फेकली जाते, म्हणून बहुतेक संग्रहांत ती नसतेच. घरच्या मांजराची तयार कराल तेव्हा ती जपून वेगळी काढा.

माळरान

सापडलेल्या कवट्या घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधल्या कलम ३९ प्रमाणे मेलेल्या वन्यप्राण्याचे अवयव सरकारची मालमत्ता ठरतात, प्राणी आपोआप मेला असला तरी. मुंगूस आणि उदमांजरही यात आले. विद्यार्थ्यांना सांगा: जागेवरच मोजपट्टी ठेवून वरून, बाजूने आणि तळाकडून असे तीन फोटो काढा, कवटी तिथेच सोडा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तळाचा फोटो असेल तर बुला आणि खळग्यांवरून ओळख पटते. तुमच्या जुन्या पाच कवट्यांची नोंदवही आणि कागद जपा. नव्या चिठ्ठीवर जुना नोंद क्रमांक तसाच ठेवा आणि नव्या ओळखीची तारीख लिहा. चिठ्ठी कवटीला चिकटवू नका, डोळ्याजवळच्या गालाच्या कमानीला सुती दोऱ्याने सैल बांधा. या वेळी गळून पडली तर निदान दोरा तरी तिथेच राहील.